उष्टं वाद्य

आमच्या आईचा देवावर जेवढा विश्वास होता, त्याहून काकणभर जास्तच उष्ट्यावर होता. एकाच्या तोंडाला लागलेला पेला दुसऱ्याने उचलला की तिचा जीव खालीवर व्हायचा. पाणी प्यायचं ते वरून, घशात धार सोडून. जेवता जेवता कुणी उजव्या हाताने पळी धरली की त्या पळीसकट सगळं भांडं मोरीत जायचं आणि आम्हां सगळ्यांचा उद्धार व्हायचा. अशा घरात मी क्लॅरिनेट आणलं. जे वाद्य तोंडात धरल्याशिवाय वाजत नाही, ज्याच्या खालच्या टोकातून वाजवणाऱ्याची थुंकी ठिबकते, आणि जे माझ्याआधी पंधरा-वीस वर्षं आंबोलीच्या बस्त्याव मास्तरांच्या तोंडात होतं, ते. आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त ओट्यावरच्या फळीकडे बोट दाखवलं, जिथे नानांची छत्री आणि चपलांचा डबा असायचा, आणि म्हणाली, "ते तिथे. उंबऱ्याच्या आत नाही."

आम्ही अंधेरीला राहायचो, पण ती अंधेरी आज कुणाला दाखवायची तर आधी डोळे मिटून घ्यायला सांगावं लागेल. घरामागे भातखाचरं, पुढे विहीर, विहिरीवर वाकलेली चिंच, आणि चिंचेपलीकडे आंबोलीचं गावठाण. बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या आणि ओटा एवढं आमचं राज्य. पहाटे जाग यायची ती आईच्या भूपाळ्यांनी. ती चुलीपुढे बसून म्हणायची, लाकडं पुढे सारता सारता, फुंकणीसाठी मध्येच थांबत, आणि थांबलेल्या सुरावरच नेमकी पुन्हा सुरुवात करत. मग रहाट कुरकुरायला लागायचा, बंबाला जाळ लागायचा, सांताक्रूझहून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं की फळीवरचे डबे थरथरायचे. सकाळी पेज, दुपारी कुळथाची पिठी आणि भात, शनिवारी वालाची उसळ. नाना फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. घरी आले की सदरा खुंटीला लावायचे आणि जेवायची हाक येईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत.

क्लॅरिनेट खरं तर माझ्यासाठी आलंच नव्हतं. नानांना नाटकांचं वेड, आणि नाटकातल्या साथीत त्यांनी कधी तरी हे वाद्य ऐकलेलं. त्यांच्या मनात आलं की दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ते शिकावं. म्हणून त्यांनी दादाला बस्त्याव मास्तरांकडे पाठवलं आणि सोबतीला मला. दादा चार दिवस गेला. पाचव्या दिवशी त्याने वाटेतल्या मैदानात बॅट धरली ती पुन्हा सोडली नाही. मी मात्र जात राहिले. मास्तरांनी एकदाही विचारलं नाही की भाऊ कुठाय. त्यांनी मला ओट्याच्या पायरीवर बसवलं, स्वतःचं जुनं वाद्य हातात दिलं आणि म्हणाले, "बाय, फुकू नको. फुकायला चूल हाय घरी. श्वास दे त्याला."

मास्तर आंबोलीचेच, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातले. लग्नात, सणात, मयताला वाजणाऱ्या बँडचे ते प्रमुख. उंच, काळेसावळे, खालचा ओठ वर्षानुवर्षं वाजवून मध्ये थोडा दबलेला. त्यांची शिकवणी गावठाणातल्या विहिरीवर चालायची. वाजवायचा एकच सूर, आणि तो कुठवर, तर त्यांची बायको बादली खाली सोडते तिथपासून ती भरून वर येते तिथपर्यंत. सूर मध्येच तुटला की मावशी हसत बादली पुन्हा खाली सोडायची. बिचारीने माझ्यापायी किती पाणी फुकट ओढलं, देव जाणे. सहा महिन्यांनी मी एका श्वासात बादली वर आणली तेव्हा मास्तर नुसते "हां" म्हणाले, आणि दुसरा सूर दिला.

घरी सराव करायचा तो चिंचेखाली. त्याचेही आईचे नियम होते. आधी फक्त पेज प्यायची, कारण मास्तर म्हणायचे पोट भरलं की श्वासाला जागा राहत नाही. पेजेची वाटी माझी वेगळी. वाजवून झालं की वाद्य पुसून पेटीत, पेटी फळीवर, आणि मग विहिरीवर बारा चुळा भरल्याशिवाय मला उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. आई स्वयंपाकघरातून मोजायची. अकरावर थांबले तर आतून आवाज यायचा, "एक राहिली गं." सुरुवातीला मला हसू यायचं, पुढे संताप यायला लागला. पेटी उन्हापावसाची बाहेर, आणि दादाचं पेन मात्र मॅट्रिकच्या दिवशी देवापुढे, हळदकुंकू लावून! आमच्यात तशी रीतच होती. ज्याच्या कामाचा दिवस, त्याचं हत्यार पहाटे देवापुढे. नानांच्या बढतीच्या परीक्षेला त्यांची दौत ठेवली होती. शेजारच्या न्हाव्याने नवं दुकान काढलं तेव्हा त्याचा वस्तरासुद्धा आईने मागवून देवापुढे ठेवला होता. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, वस्तरा चालतो, माझं वाद्य चालत नाही.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात नानांनी वर्तमानपत्रातलं एक कात्रण आणलं. शहरातल्या एका कॉलेजात संगीताचा नवा वर्ग निघत होता. गळ्याची नव्हे, वाद्याची परीक्षा घेणार, तीन परीक्षकांपुढे, आणि मोजकीच मुलं घेणार. त्याच आठवड्यात आईच्या मामेबहिणीने कुर्ल्याचं एक स्थळ सुचवलं होतं. मुलगा रेल्वेत, घर चांगलं, देण्याघेण्याची कटकट नाही. नानांनी जेवता जेवता निकाल दिला. "हिने परीक्षेला बसावं. घेतलं तर शिकेल. नाही घेतलं तर कुर्ल्याला होकार कळवू. एकदाच. मग पुन्हा रडारड नको." आईने माझ्या पानात भात वाढला. मला तो मुलगा कसा दिसतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं. त्याच्याबद्दल माझा काहीच राग नव्हता. मला फक्त वाजवायचं होतं, आणि कुर्ल्याच्या त्या घरात सुनेला चिंचेखाली बसून फुंकू देतील असं वाटण्याइतकी मी खुळी नव्हते.

परीक्षेत राग वाजवायचा होता आणि मास्तरांना तर बँडच्या चाली आणि चर्चमधली गाणीच ठाऊक. शाळेतल्या गायनाच्या बाईंनी मला भूप लिहून दिला. पाचच सूर, म्हटलं तर सोपा. मास्तरांनी बोटं बसवून दिली, म्हणाले, "राग तुझा, श्वास माझा." दोन महिने मी चिंचेखाली तेच पाच सूर घासले. एक दिवस वर चढताना मी सारखी अडखळत होते. आतून भांडी घासण्याचा आवाज थांबला आणि आई म्हणाली, "धैवतावर दम टाकतेस तू. तिथे थांबू नको, पुढे जाऊन थांब." मी चकित झाले. आईला सुरांची नावं कुठून ठाऊक? मग कळलं की तिच्या माहेरी भावाला शिकवायला कुणी बुवा यायचे, आणि ही दाराआड दळण दळत बसायची. तिने सांगितलं तसं वाजवलं आणि सूर जागेवर बसला. ती पुन्हा भांड्यांकडे वळली. त्या दिवशीसुद्धा चुळा बारा भरायला लावल्याच.

आता सांगते ती त्या परीक्षेच्या सकाळची गोष्ट. इतकी वर्षं झाली तरी ती सांगताना माझा हात आपोआप ओठांकडे जातो.

मी न्हाऊन आले तर फळीवर पेटी नव्हती. "आई, पेटी?" म्हणून ओरडले. आई आतून म्हणाली, "आत ये." तिचा आवाज वेगळाच होता, सणाच्या दिवशी असतो तसा. आत जाऊन पाहते तर देव्हाऱ्यापुढे पाट, पाटावर तांदळाचं स्वस्तिक, त्यावर माझं क्लॅरिनेट, सगळं जोडून नीट ठेवलेलं. वर हळदकुंकू, जास्वंदीचं फूल. आई ओलेत्याने उभी होती, पदराला हात पुसत. म्हणाली, "आता ते उष्टं नाही. पहाटे उठून शुद्ध केलं. आज तुझा दिवस ना? वाजव. इथे घरात वाजव, देवापुढे. मला एकदा समोर बसून ऐकू दे." तीन वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मला इतका आनंद झाला की मी काही विचारलंच नाही, वाद्याकडे नीट पाहिलंही नाही. वाद्य उचललं, सूर काढणारी वेताची पातळ पत्ती लावली, ओठांत धरलं आणि श्वास दिला. नुसती हवा सुटली. फस्स. पुन्हा दिला, पुन्हा तेच.

ओठांतून काढून पाहिलं तेव्हा कळलं. तोंडात धरायचा तो तुकडा, माउथपीस, एका कडक काळ्या रबरासारख्या पदार्थाचा असतो. तो आता काळा नव्हता. शेवाळासारखा हिरवट झाला होता, त्याला काडेपेटीच्या जळलेल्या काडीसारखा वास येत होता, आणि पत्ती जिथे टेकते ती सपाट बाजू वाकली होती. पत्ती आणि तिच्यामध्ये नख जाईल एवढी फट. "काय केलंस तू?" मी विचारलं. आई म्हणाली, "काही नाही गं. तोंडात जातं तेवढंच सोवळ्याच्या फडक्यात बांधून बंबात सोडलं. तुळशीची पानं घातली. पाण्याला चांगली उकळी आणली, म्हणजे सगळं..." पुढचं तिला बोलवेना, कारण माझा चेहरा तिने पाहिला.

मी काय बोलले ते लिहायला नको असं वाटतं, पण हे लिहायचं नसेल तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी त्या वाद्यावरचं कुंकू बोटाने खरवडून टाकलं आणि ओरडले, "वाट लावलीस! तुला मला पाठवायचंच नव्हतं. कुर्ल्याला द्यायचं होतं ना? म्हणून उकळलंस!" नाना अर्धी दाढी करून बाहेर आले. आईच्या तोंडावरचा रंग उतरत गेला तो मी पाहिला. बघता बघता ती मोठ्या दुखण्यातून उठलेली माणसं दिसतात तशी दिसायला लागली. तिने माझ्या हातातून तो हिरवा तुकडा घेतला, मुठीत धरला, आणि ओलेत्यानेच, अनवाणी, घराबाहेर पडली. मी उरलेलं वाद्य घेऊन तिच्यामागे धावले. ती विहिरीवरून, चिंचेखालून, सरळ गावठाणाकडे चालली होती. मास्तरांचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण आईने आजवर त्यांची पायरी पाहिली नव्हती.

मास्तर ओट्यावर वाजवत बसले होते. दुपारी मरोळला लग्न होतं, त्याची तयारी. आईला पाहून ते गडबडून उठले. आईने मूठ उघडली. "मास्तर, मी हे पाण्यात उकळलं. देवापुढे ठेवायचं होतं. मला काय ठाऊक असं होईल म्हणून. पोरीची परीक्षा आज अकराला आहे." एवढं बोलून ती ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिली. मास्तरांनी तो तुकडा उलटसुलट पाहिला, बोटाने सपाट बाजू चाचपली. "गेला हा," ते म्हणाले. मग त्यांनी आपल्या वाद्याचा माउथपीस फिरवून काढला. आत्ता, या क्षणापर्यंत तो त्यांच्या ओठांत होता, पत्ती ओली चिंब होती, कडेला थुंकी चमकत होती. ती बघून मास्तरांनाच संकोच वाटला. त्यांनी आईकडे पाहिलं, मग बायकोला हाक मारली, "अगो, पाणी आण, वैनीसमोर धुवून देतंय." आई म्हणाली, "नको."

मास्तर थांबले.

"धुऊ नका," आई म्हणाली. "माझ्या धुण्याने काय झालं ते पाहिलंत ना? आहे तसाच द्या तिला." आणि तिने हात पुढे केला. मास्तरांनी तो ओला तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. आईने तो माझ्या वाद्यावर बसवायला घेतला, पण ओला तुकडा तिच्या बोटांतून निसटत राहिला. मी तिच्या हातावर हात ठेवून बसवला. मग विचारलं, "मास्तर, तुमचं मरोळचं लग्न?" ते म्हणाले, "ढोल वाजवीन. नवरा-नवरीला काय कळतंय, कोण काय वाजवतंय ते. जा, बाय, जा."

परीक्षेचं फार सांगत नाही. परक्या माउथपीसवर ओठ बसायला महिना लागतो, मला मिळालेला वेळ तासाभराचा. सूर किंचित चढा लागत होता. माउथपीसखालचा सांधा थोडा बाहेर ओढून तो उतरवायचा असतो, मास्तरांनी शंभरदा सांगितलेलं, पण त्या खोलीत, तंबोरा सुरू झाल्यावर, मला काहीच आठवलं नाही. धैवतावर न थांबता पुढे गेले, आईने सांगितलं होतं तसं, आणि वरच्या षड्जावर कोंबडं ओरडावं तसा आवाज निघाला. तिघांपैकी एक वयस्क गृहस्थ होते, डोक्याला टोपी. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "हे वाद्य रोजचंच आहे ना तुमच्या हाताखालचं?" मी सांगू शकले असते. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पण ते वाक्य माझ्या आईबद्दल असतं, आणि ते तिघं हसले असते. मी म्हणाले, "हो, रोजचंच." बाहेर नाना दाराशी उभे होते. त्यांनी बाहेरून सगळं ऐकलं होतं.

आठ दिवसांनी यादी लागली. माझं नाव नव्हतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर नाना पान लावत म्हणाले, "मग कुर्ल्याला कळवतो." त्यांच्याही आवाजात दम नव्हता. आई भांडी आवरत होती. ती तिथूनच म्हणाली, "कुर्ल्याला मी कळवलंय. नाही म्हणून. काल कार्ड टाकलं." नाना पान हातात धरून तसेच बसले. "कुणाला विचारून?" आई हात धुऊन आली, त्यांच्यासमोर बसली. नानांसमोर अशी बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "तुम्ही एकदाच म्हणाला होतात. तिला एकदाही मिळालेलं नाही. तिची ती एक वेळ मी बंबात घातली. पुढच्या वर्षी ती पुन्हा बसेल. तोवर तिच्या लग्नाचं या घरात नाव काढायचं नाही, तुम्हीही आणि मीही." नानांनी पान तोंडात घातलं आणि बराच वेळ चघळत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं."

मी तिची क्षमा मागितली नाही. त्या वयात ते जमत नाही, आणि जमेल त्या वयात माणूस समोर नसतो. नंतर अनेकदा मनाशी वाक्यं जुळवली, पण दरवेळी ती काही तरी कामात असायची. पुढच्या वर्षी मला कॉलेजात घेतलं, मग पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, मास्तर गेले, चिंच गेली, विहीर बुजवून तिच्यावर इमारत उभी राहिली. हिरवा पडलेला माउथपीस माझ्या कपाटात आहे. शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, हा कशाला ठेवलाय? मी सांगते, उकळत्या पाण्यात घालू नये हे लक्षात राहावं म्हणून.

पण यादी लागल्यानंतर पंधरा दिवसांनी झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मास्तरांनी गिरगावातल्या कुणा बँडवाल्याकडून एक जुना माउथपीस मिळवून आणला, दातांच्या खुणा पडलेला. संध्याकाळी चिंचेखाली बसून मी त्यावर भूप वाजवला. नव्यावर ओठ बसत होता, सूर अजून कच्चा होता. संपल्यावर सवयीने पेटी फळीवर ठेवायला गेले तर आई दारात उभी. तिने माझ्या हातातून वाद्य घेतलं, जोडलेलं, तसंच, आणि आत निघाली. मी म्हणाले, "आई, पुसलं नाहीये अजून. उष्टं आहे ते." ती म्हणाली, "माहिती आहे." आणि तिने ते देव्हाऱ्यापुढे पाटावर ठेवलं, ओल्या पत्तीसकट, आणि कुंकवाचं बोट लावलं. मी चुळा भरायला विहिरीकडे वळले. बारा भरून परत आले, तर आत कुणीच मोजत नव्हतं.

सकाळी वाजवायला घेतलं तेव्हा पत्तीच्या टोकाला कुंकवाचा बारीक डाग होता. मी तो पुसला नाही, तसाच ओठांत धरला.